सॅपर्टनचा कालवा-बोगदा: दोन दर्शनी तोंडे आणि मधली मुलतानी माती

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात सॅपर्टन गावाजवळ एका जुन्या कालव्याचा बोगदा आहे, त्याच्या तोंडाची छायाचित्रे आपल्या पाहण्यात आली, आणि कोळशाच्या होड्या जाण्यासाठी खोदलेल्या बिळाला स्तंभ, कोनाडे आणि कठडा असा राजवाडी थाट कशासाठी, हे आपल्याला उमजत नाही. त्याला जोडूनच आपण विचारले आहे की, जो बोगदा मधल्या भागात ढासळला आहे आणि ज्यातून शंभराहून अधिक वर्षांत मालाची होडी गेलेली नाही, त्यात वारसा म्हणून जपायचे ते नेमके काय. जुन्या चुन्याच्या बांधकामांची दुरुस्ती हा माझा तीस वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्याची मला जास्त घाई आहे. पण पहिला समजल्याशिवाय दुसरा सुटत नाही, म्हणून क्रमाने जातो.

टेम्स ही नदी पूर्वेकडे लंडनला जाते आणि सेव्हर्न पश्चिमेकडे ब्रिस्टलच्या खाडीला मिळते. या दोघींच्या मध्ये कॉट्सवोल्डची चुनखडीची डोंगररांग आडवी पसरली आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तिला डोंगर म्हणणे थोडे जड जाईल, पण होडीच्या दृष्टीने एखादी टेकडीसुद्धा घाटाइतकीच अवघड असते. या दोन नद्या जोडण्यासाठी १७८३ मध्ये ब्रिटिश संसदेने टेम्स-सेव्हर्न कालव्याला मंजुरी दिली. भांडवलाचा मोठा भाग लंडनच्या व्यापाऱ्यांनी घातला. पश्चिमेकडच्या स्ट्राउड गावाच्या बाजूने वर येताना २८ जलपाश आणि शिखर ओलांडून टेम्सकडे उतरताना १६, असे एकूण ४४ जलपाश या मार्गावर होते. जलपाश म्हणजे दोन दारांमधला दगडी हौद; त्यात पाणी भरले की होडी एक पायरी वर चढते, सोडले की एक पायरी खाली उतरते.

बोगद्याचे कारण या हौदांतच आहे. शिखर ओलांडणारी प्रत्येक होडी एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक असे दोन हौद पाणी माथ्यावरून खाली घेऊन जाते. म्हणजे जितक्या होड्या, तितके पाणी माथ्यावर पुन्हा आणून ओतावे लागते, आणि माथा जितका उंच, तितके तिथे पाणी दुर्मिळ. त्यामुळे डोंगरावरून जाण्याऐवजी डोंगराच्या पोटातून गेल्यास माथाच खाली येतो, जलपाश कमी लागतात आणि जिवंत झऱ्यांची पातळी जवळ येते. बोगद्याने वळसा वाचतो हे खरे, पण मुख्य हिशेब पाण्याचा असतो. रेल्वेच्या बोगद्यांची सवय असलेल्या आपल्या मंडळींच्या हे पटकन लक्षात येत नाही, कारण बोरघाटातील बोगदे उताराच्या गणितातून आले होते.

रॉबर्ट व्हिटवर्थ यांनी मार्गाची पाहणी केली, आणि प्रत्यक्ष काम जोसाया क्लोव्ज या अभियंत्याकडे आले. १७८४ मध्ये खोदाई सुरू झाली आणि १७८९ च्या एप्रिल महिन्यात पहिली होडी आरपार गेली. लांबी ३,८१७ यार्ड, म्हणजे जवळपास साडेतीन किलोमीटर. रुंदी आणि उंची दोन्ही सुमारे साडेचार मीटर, कारण सेव्हर्न आणि टेम्सवरच्या रुंद होड्या यातून न्यायच्या होत्या. १८११ मध्ये उत्तरेत स्टँडेजचा बोगदा पूर्ण होईपर्यंत इंग्लंडमध्ये याहून लांब कालवा-बोगदा नव्हता. पण स्टँडेज अरुंद होड्यांसाठी आहे. पोकळीचे आकारमान पाहिले तर सॅपर्टनच्या कामगारांनी उपसलेल्या दगडमातीला त्या काळी तोड नव्हती.

आता तोंडांकडे येऊ. बोगद्याला दोन तोंडे आहेत आणि ती एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. पूर्वेकडचे, म्हणजे टेम्सच्या बाजूचे, कोट्स गावाजवळचे तोंड अभिजात शैलीतले आहे: कमानीच्या दोन्ही अंगांना स्तंभ, त्यांच्याजवळ कोनाडे, वर कोरीव थराची ओळ आणि मध्ये लेखासाठी ठेवलेली, पण कोरी राहिलेली शिळा. कोनाडे आजही रिकामे आहेत. त्यांत कोणत्या जलदेवतांच्या मूर्ती बसवायच्या होत्या याच्या कथा तिथे कोणीही सांगेल, परंतु मूर्ती मात्र कधी बसल्या नाहीत. पश्चिमेकडचे, म्हणजे डेनवे या वस्तीच्या बाजूचे, तोंड त्याच्या मानाने साधे आहे, आणि ते किल्ल्यासारखे केले आहे: माथ्यावर तटाच्या चर्येसारखा दातेरी कठडा आणि टोकांना कळस. एकाच कंपनीने एकाच दशकात बांधलेल्या एकाच बोगद्याला एका टोकाला रोमन देऊळ आणि दुसऱ्या टोकाला गढी!

याची कारणे मला दोन दिसतात, आणि ती मी माझे मत म्हणूनच सांगतो. कोट्सच्या बाजूची जमीन बॅथर्स्ट या उमराव घराण्याची होती आणि त्यांचे सायरेन्सेस्टरचे आखीव उद्यान जवळच होते. उमरावाच्या रानात कंपनीने ओबडधोबड भोक पाडून ठेवावे, हे त्या काळच्या शिष्टाचाराला धरून झाले नसते. दुसरे असे की, हे तोंड लंडनच्या दिशेचे. ज्यांनी भागभांडवल घातले ते याच बाजूने पाहणीला येणार, आणि डोंगराच्या आत काय चालले आहे ते त्यांना दिसणार नव्हते. दिसणार होते ते फक्त तोंड. कंपनीच्या जमाखर्चाची वही एकवेळ ओढगस्तीची असेल, पण स्तंभ पाहून माणसाला भरवसा वाटतो. आपल्याकडच्या जुन्या बँकांच्या आणि पेढ्यांच्या इमारती पाहा, हाच हेतू दगडात उतरलेला दिसेल. याउलट डेनवेची बाजू गिरण्यांच्या खोऱ्यातली, चढाची आणि दाट झाडीची. तिथे गढीचा आभास पुरला.

थाटाचे हे झाले. पण याच तोंडाकडे मी गवंड्याच्या नजरेने पाहतो तेव्हा ते वेगळे दिसते. डोंगराचे पहिले काही मीटर हे बोगद्यातील सर्वांत अवघड मीटर असतात. आत खोल गेल्यावर भोवतीचा खडक स्वतःच स्वतःला पेलतो, पण तोंडाशी तो ऊन, पाऊस आणि बर्फ खाऊन भुसभुशीत झालेला असतो, वर पुरेसे वजन नसल्यामुळे कमानीला घट्ट धरून ठेवणारा दाब नसतो, आणि उतारावरून येणारे पावसाचे पाणी नेमके कमानीच्या पाठीवर उतरते. म्हणून तोंडाची भिंत ही सर्वप्रथम मातीची धारक भिंत असते. वरचा कठडा घसरणाऱ्या उताराला पायरी देतो, दोन्ही बाजूंच्या पंखभिंती कालव्याच्या चरात माती येऊ देत नाहीत, आणि भिंतीला चिकटलेले स्तंभ शोभेबरोबर जाडीही देतात. कोट्सच्या तोंडातील शोभा काढून टाकली तरी भिंत काढता येणार नाही. म्हणून ‘थाट कशासाठी’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे आहे की, तिथे भिंत लागणारच होती, तिला कंपनीने चांगले कपडे घातले.

खोदाई दोन टोकांकडूनच झाली असती तर पाच वर्षांत पूर्ण होणे शक्य नव्हते. डोंगरावर बोगद्याची सरळ रेषा आखून त्या रेषेवर विहिरी पाडण्यात आल्या. त्यांची संख्या पंचविशीच्या आसपास होती. प्रत्येक विहीर ठरलेल्या तळापर्यंत पोहोचली की तिच्यातून दोन्ही दिशांना खोदाई सुरू करता येई, म्हणजे एका वेळी कामाला कितीतरी तोंडे मिळत. वरची रेषा खाली नेण्याची युक्ती ओळंब्याची होती: विहिरीच्या तोंडावर रेषेत दोन दोऱ्या बांधायच्या, त्यांना वजने लावून तळाशी सोडायच्या, आणि खाली त्या दोन दोऱ्यांना जोडणारी रेषा म्हणजे बोगद्याची दिशा. विहिरीची रुंदी दोन-अडीच मीटर, आणि तेवढ्या अंतरावरच्या दोन दोऱ्यांवरून कितीतरी मीटर पुढची दिशा ठरवायची. दोरी बोटभर हलली तर काय होईल याचा हिशेब आपण करून पाहावा. दगड फोडायला सुरुंगाची दारू, उजेडाला मेणबत्ती आणि माल वर काढायला घोड्याने फिरवायचा रहाट, एवढ्यावर सगळे काम झाले. मुख्य कंत्राट ज्याला यार्डामागे ठराविक दराने दिले होते, तो कर्जात बुडाला आणि कंपनीशी त्याची भांडणे झाली. डोंगराच्या आत काय लागेल हे माहीत नसताना लांबीच्या हिशेबाने दर ठरवण्याची ही चूक आजच्या निविदांतही होते, त्यामुळे त्या माणसाला फार दोष द्यावासा वाटत नाही.

१७८८ च्या जुलै महिन्यात राजा तिसरा जॉर्ज हवापालटासाठी चेल्टनहॅमला आला असता हे काम पाहायला आला. त्या काळी काम पाहायला येणाऱ्या हौशी प्रवाशांची वर्दळ होती, आणि मजुरांसाठी व कालवेवाल्यांसाठी दोन्ही टोकांना खानावळी-गुत्ते उभे राहिले होते. ते दोन्ही अजून आहेत. डेनवेच्या गुत्त्याच्या वाहनतळाखाली कालव्याचा एक जलपाश गाडला गेला आहे. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी नेमकी त्याच्यावर उभी केली आणि जलपाश कुठे आहे म्हणून अर्धा तास शोधत राहिलो.

आता ज्या गोष्टीसाठी हे उत्तर लिहायला घेतले तिच्याकडे येतो. बोगदा एकाच खडकातून जात नाही. कोट्सच्या बाजूला तो घट्ट चुनखडीतून जातो. हा दगड माशांच्या अंड्यांसारख्या बारीक गोल कणांचा बनलेला असतो, तो कापायला बरा आणि उभा राहायला चांगला. त्यामुळे तिथे मोठ्या लांबीवर अस्तर घातलेलेच नाही, उघडा खडकच छत आहे. पुढे गेल्यावर चुनखडीखालचा एक चिकणमातीचा थर लागतो. इंग्रज त्याला जे नाव देतात त्याचा अर्थ ‘लोकर धुणाऱ्यांची माती’ असा होतो, आणि आपण तिला मुलतानी माती म्हणतो. होय, तोंडाला लावतात तीच. कोरडी असताना ती दगडासारखी असते, ओली झाली की फुगते, आणि फुगताना समोर जे येईल त्याला ढकलते.

मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या रानात ज्याने घर बांधले आहे त्याला पावसाळ्यात वर उचलला जाणारा आणि उन्हाळ्यात भेगाळून खाली बसणारा पाया चांगला ठाऊक असतो. आपल्या काळ्या मातीत आणि मुलतानी मातीत फुगण्याचा गुण आणणारे खनिज एकाच कुळातले आहे. आता अशी माती घराच्या खाली नव्हे तर चारी बाजूंनी आहे, आणि तिच्या मधून पाण्याने भरलेला कालवा न्यायचा आहे, अशी कल्पना करा. या पट्ट्यात क्लोव्ज यांच्या माणसांना पूर्ण अस्तर बांधावे लागले: वर कमान, बाजूंना मातीकडे किंचित पोट असलेल्या भिंती, आणि खाली तळालाही उलटी कमान, म्हणजे माती ज्या बाजूने ढकलेल त्या बाजूला गोलाई तयार. अस्तर कुठे विटांचे आहे तर कुठे दगडाचे. तळावर पाणी मुरू नये म्हणून मळलेल्या चिकणमातीचा थर दाबून बसवायचा. धरणाच्या गाभ्यात आपल्याकडे हेच करत.

यातली थट्टा पाहा. स्ट्राउडचे खोरे लोकरीच्या कापडासाठी, विशेषतः सैनिकी गणवेशाच्या लाल कापडासाठी प्रसिद्ध होते, आणि त्या लोकरीतील तेलकटपणा काढायला याच जातीची माती लागे. ज्या मातीने खोऱ्याला पैसा मिळवून दिला, तिच्याच थराने पुढे कालव्याचा बोगदा मोडला.

मोडण्याची सुरुवात लवकर झाली. खुला झाल्याच्या पुढच्याच वर्षी दुरुस्तीसाठी बोगदा काही आठवडे बंद ठेवावा लागला. त्यानंतर दुखणी दोन प्रकारची राहिली आणि ती परस्परविरोधी होती. मातीच्या पट्ट्यात पाणी आत शिरून अस्तराला ढकले, आणि चुनखडीच्या पट्ट्यात कालव्याचे पाणी भेगांमधून बाहेर पळे. चुनखडीतील झऱ्यांची पातळी पावसाळी महिन्यांत वर येते तेव्हा पाणी बोगद्यात येते. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की त्याच भेगा चाळणी होतात. टेम्सच्या उगमाजवळच्या विहिरीतून वाफेच्या इंजिनाने उपसून पाणी माथ्यावर ओतावे लागे, आणि ते पुन्हा जमिनीत मुरून, कोण जाणे, त्याच विहिरीत परत येत असेल. विनोद सोडला तरी हिशेब तसाच लागतो.

बोगद्यात होडी ओढणाऱ्या घोड्यासाठी पायवाट नाही. ती ठेवली असती तर पोकळी आणखी रुंद करावी लागली असती. घोडा डोंगरावरून चालत दुसऱ्या टोकाला जाई, आणि होडी माणसे पायांनी ढकलत: होडीच्या पुढच्या भागावर आडव्या फळ्या टाकायच्या, त्यांवर पाठीवर निजायचे, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पाय देऊन आडवे चालत जायचे. साडेतीन किलोमीटरचे अंतर अशा रीतीने कापायला काही तास लागत. एका वेळी एकाच दिशेची वाहतूक, म्हणून दोन्ही टोकांच्या प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या. अस्तराची भिंत जिथे फुगून आत आली असेल तिथे ती प्रथम कळत असणार या माणसांच्या पायांना. कंपनीच्या नोंदवहीत ते कधी लिहिले गेले नसेल, पण रोज रात्री तळपायाने भिंत तपासणारा दुसरा कोण होता?

पडझडीची पुढची कथा मी भरभर सांगतो, कारण ती सर्व इंग्रजी कालव्यांची सारखीच आहे. १८४५ मध्ये रेल्वे-अभियंते ब्रुनेल यांच्या आराखड्याचा रेल्वेमार्ग याच डोंगराला बोगदा पाडून स्ट्राउडच्या खोऱ्यात उतरला. १८८२ मध्ये कालवाच रेल्वे कंपनीच्या ताब्यात गेला. १९०१ मध्ये परगण्याच्या कौन्सिलने तो घेऊन पैसा ओतला, १९११ च्या सुमारास मालाची शेवटची होडी माथ्यावरून गेली, १९२७ मध्ये बोगद्यासह वरचा भाग आणि १९३३ मध्ये उरलेला कालवा कायद्याने सोडून देण्यात आला. होड्या थांबल्या, देखभाल थांबली, आणि मुलतानी मातीच्या पट्ट्यात छत खाली आले. १९७० च्या दशकात हौशी मंडळींनी कालवा पुन्हा जिवंत करण्यासाठी संस्था उभारली. आज ती कॉट्सवोल्ड कॅनल्स ट्रस्ट या नावाने ओळखली जाते. तिच्या कामाचे पहिले ठळक फळ म्हणजे १९७६-७७ मध्ये कोट्सच्या तोंडाची झालेली दुरुस्ती. डेनवेचे तोंड १९९० च्या दशकात सावरले गेले.

येथे आपल्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो. तोंडे आधी दुरुस्त झाली यात काही गैर नाही. ती दिसतात, त्यांच्यासाठी देणग्या मिळतात, पाथरवट तिथे उन्हात उभा राहून काम करू शकतो. पण त्यामुळे असा समज पसरतो की वारसा म्हणजे दर्शनी तोंड, आणि आतली ती नुसती पोकळी. माझे म्हणणे नेमके उलट आहे. कोट्ससारखी अभिजात शैलीतली दगडी भिंत त्या काळच्या इंग्लंडमध्ये शंभर ठिकाणी सापडेल. पण कोणत्या यार्डापर्यंत खडकावर विश्वास ठेवायचा आणि कोणत्या यार्डापासून अस्तर घालायचे, हा निर्णय मेणबत्तीच्या उजेडात, हातोड्याने दगड वाजवून, पंचवीस विहिरींच्या तळाशी कोणी तरी घेतला होता, आणि तो निर्णय आजही भिंतीवर जसाच्या तसा वाचता येतो: इथे छिन्नीचे घाव असलेला उघडा दगड, इथून पुढे विटा, इथे विटांच्या मध्येच दगडी तुकडा म्हणजे नंतरची डागडुजी. हा मजकूर या बोगद्याशिवाय दुसरीकडे नाही.

म्हणून दुरुस्ती करताना सर्वांत आधी नोंद करावी, मग सावरावे, आणि बदलावे सर्वांत शेवटी. अस्तराची भिंत जिथे फुगली आहे तिथे आधी पाहायचे ते पाणी: ते मागून येते की वरून, वर्षभर येते की ऋतूपुरते. एक चूक माझ्याच हातची सांगतो. कारकिर्दीच्या सुरुवातीला एका जुन्या दगडी भुयारी पाटाच्या कामावर मी होतो. दरजांतून पाणी झिरपत होते, आणि आमच्या वरिष्ठांच्या सांगण्यावरून आणि माझ्याही संमतीने आम्ही सगळ्या दरजा सिमेंटने घट्ट भरल्या. पहिला पावसाळा भिंत कोरडी दिसली, आम्ही खूश झालो. दुसऱ्या पावसाळ्यात छातीच्या उंचीवरचे दगड बाहेर सरकले, कारण चुन्याच्या दरजांतून जे पाणी निमूट निघून जात असे ते आता भिंतीमागे साचून दाब देत होते. ते सिमेंट काढताना दगडांच्या कडा गेल्या, त्या परत आल्या नाहीत. चुन्याची दरज ही भिंतीची घामाची वाट असते; ती बुजवली की ताप भिंतीला चढतो. सॅपर्टनसारख्या ठिकाणी ओलाव्यात घट्ट होणारा जलीय चुनाच वापरावा, आणि मातीच्या पट्ट्यात अस्तरामागे पाणी निघण्याच्या वाटा ठेवाव्यात, हा नियम मी त्या भुयारात शिकलो.

पण जिथे छतच नाही तिथे चुना काय करणार? कोसळलेल्या पट्ट्यातून होडी पुन्हा न्यायची असेल तर इंग्लंडमध्येच दोन नमुने समोर आहेत. नॉर्दम्प्टनशरमधील ब्लिसवर्थच्या बोगद्याचा मधला भाग अशाच अस्थिर थरात होता. तिथे जुने अस्तर काढून तयार काँक्रीटची गोल कडी एकापुढे एक बसवली आणि १९८४ मध्ये बोगदा वाहतुकीला खुला झाला. तसे एक कडे तोंडाबाहेर लोकांना पाहण्यासाठी मांडून ठेवले आहे. दुसरा नमुना स्टँडेजचा: तिथे ढिल्या खडकाला पोलादी खिळे ठोकून आणि काँक्रीट फवारून सावरले आणि २००१ मध्ये होड्या पुन्हा सुरू झाल्या. फुगणाऱ्या मातीला फवारलेले काँक्रीट पुरणार नाही, त्यामुळे सॅपर्टनच्या मधल्या पट्ट्यासाठी ब्लिसवर्थची वाट जवळची आहे, असे मला वाटते. तिथे जुन्या अस्तराची नक्कल करून विटांची कमान बांधण्याचा आग्रह कोणी धरला तर मी विरोध करीन. क्लोव्ज यांच्या अस्तराला त्या मातीने एकदा हरवले आहे. नवे काँक्रीटचे कडे नवे म्हणूनच दिसू द्यावे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मूळ अस्तर कुठे संपते ती सांध्याची रेषा झाकू नये. होडीतून जाणाऱ्याला ती रेषा दिसली पाहिजे.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो सहसा निसर्गाच्या अभ्यासकांकडून येतो. दीर्घकाळ बंद असलेले बोगदे हिवाळ्यात वटवाघळांचे निवारे होतात, ब्रिटनमध्ये वटवाघळांना कायद्याचे संरक्षण आहे, आणि दिवे, यंत्रे व वाहतूक त्यांना मानवणार नाही. माझ्या मते हा वाद बोगदा ‘पूर्ण खुला की पूर्ण बंद’ असा मांडला जातो म्हणून चिघळतो. उघड्या खडकातील कोट्सकडचा भाग, कोसळलेला मधला भाग आणि डेनवेकडचा अस्तराचा भाग हे तीन वेगळे वास्तुप्रकार आहेत. तिघांना एकच उपाय लावण्याची गरज नाही, आणि एकाच वेळी तर नाहीच.

आपण जाता जाता महाराष्ट्रात असे काही आहे का, असेही विचारले आहे. होड्यांचा कालवा-बोगदा आपल्याकडे नाही; आपले पाट शेतीसाठी आणि पिण्यासाठी झाले. पण बांधण्याच्या रीतीचा सख्खा भाऊ पाहायचा असेल तर छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी पाहावी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने शहराला पाणी आणण्यासाठी हे भुयार काढले, आणि त्याच्या वाटेवरही ठराविक अंतराने जमिनीपर्यंत उघडणारे उच्छ्वास आहेत. सॅपर्टनच्या विहिरी खोदाई आणि हवेसाठी होत्या. नहरीच्या उच्छ्वासांतून आत उतरून गाळ काढता येई. दोन्हीकडे जमिनीखालची रेषा जमिनीवर ठिपक्यांनी उमटलेली आहे, आणि दोन्हीकडे हे ठिपके बुजले की खालच्या कामाचा मागमूस राहत नाही. आपल्याकडे ते घरांखाली आणि रस्त्यांखाली बुजतात, एवढाच फरक.

सॅपर्टनला जाण्याचा योग आला तर दोन्ही तोंडांचे छायाचित्र काढून परत फिरू नये. डेनवेपासून कोट्सपर्यंत डोंगरावरून चालत जावे. वाटेत रानात गोल टेकाडे लागतात, विहिरींतून उपसलेल्या दगडमातीचे हे ढीग, आणि त्यांच्यावर बीचची झाडे लावलेली आहेत. मी गेलो तेव्हा ऑक्टोबर होता, पाने तांबूस झाली होती, आणि एका टेकाडावर रानउंदराने उकरलेली माती पडली होती. कोट्सच्या बाजूच्या ढिगांत पांढुरकी चुनखडी मिळत होती. या टेकाडावरची माती निळसर राखाडी होती. चिमूटभर उचलून थुंकीने ओली केली आणि बोटांत चोळली. साबणासारखी बुळबुळीत झाली, आणि मग बोटाला चिकटून बसली.